वर गेलेल्या बाणाची चौकशी

गेल्या वर्षी नवरात्र संपत आलं होतं. रात्रीचे साडेदहा वाजलेले, शतपावली करून मी अंथरुणाला टेकलो होतो, तेवढ्यात मिशिगनहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपारचा एक. पडद्यावर आधी आभाळ दिसलं, मग त्याचा अर्धा कान आणि मग फोमच्या चौकोनी ठोकळ्यावर चिकटवलेला एक कागद.

"मामा, वर जायलंय."

"काय वर जायलंय?"

"बाण. बघा की. मधोमध धरतोय आणि सगळे वर. दुर्बीणच खराब निघालीय. उद्या परत पाठवून टाकतो."

"जवळून मारून बघितलंस?"

"जवळून बरोबर आहे. वीसवर मधोमध बसतो. चाळीसवर बोटभर वर. साठवर तर लई वर, अर्ध्या वितीपेक्षा थोडं कमी."

"वीस काय आणि चाळीस काय?"

तो गप्प.

"वार का मीटर?"

तो आणखी थोडा वेळ गप्प. मग तोंडातल्या तोंडात म्हणाला, "रेंजवरच्या पाट्या यार्डाच्या आहेत. आणि दुर्बिणीत मी..." पुढचं वाक्य त्यानं गिळलं. अमेरिकेत जाऊन अकरा वर्षं झाली तरी हातात येणारं प्रत्येक यंत्र आधी मीटरवर आणि सेल्सियसवर लावून घ्यायची त्याची खोड गेलेली नाही. क्रॉसबोवरच्या नव्या डिजिटल दुर्बिणीलाही त्यानं तेच केलं होतं. पाटीवर चाळीस वार, यंत्राला सांगितले चाळीस मीटर. यंत्र बिचारं प्रामाणिक. त्याला वाटलं लक्ष्य साडेतीन मीटर आणखी लांब आहे, त्यानं तेवढा बाण उचलून दिला.

यार्डाला आपण वार म्हणायचो हे आता सांगावं लागतं. नऊवारी साडीतला वार तोच. ९१.४४ सेंटीमीटरचा. कापडाच्या दुकानात मीटर आल्यावर जुन्या बायका वर्षानुवर्षं मनातल्या मनात वारात हिशेब करून मगच पोलक्याचं कापड मागायच्या, आणि त्यांचं कापड कधी कमी पडलं नाही. माझा भाचा इंजिनिअर आहे. त्याचं पडलं.

ही पुस्तिका त्या रात्रीच्या कॉलमधून जन्माला आली. लिहिली त्यानं, प्रस्तावना मामाकडून मागितली, तेव्हा ती निःपक्षपाती असेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. माझी पात्रताही सांगून टाकतो. मी नेमबाज नाही. उद्यमनगरात बेचाळीस वर्षं लेथवर काम केलं, आता कारखाना मुलगा बघतो. नेमबाजीशी माझा संबंध एलन की आणि स्क्रूड्रायव्हरपुरता: रेंजवरच्या पोरांच्या साइट ढिल्या झाल्या, स्क्रूचे आटे गेले, एखादा भाग बनवून हवा असला की ती माझ्याकडे येतात. त्यामुळे नेम चुकला म्हणजे काय होतं, ते मी नेम न धरता बरंच पाहिलं आहे.

कोल्हापुरात असली पुस्तिका निघावी यात नवल काही नाही. हे कुस्तीचं गाव म्हणून ओळखलं जातं, पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गावानं जगाला दिले ते नेमबाज. तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण घेऊन सुवर्णपदक जिंकलं आणि विश्वविक्रमाशी बरोबरी केली. राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं. आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेऊन उभा राहिला, तेव्हा आमच्या गल्लीत फटाके वाजले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीनंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. खाशाबाही शिकायला कोल्हापुरातच होते, राजाराम कॉलेजात.

५९७ या आकड्याकडे जरा थांबून बघावं. पन्नास मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. रंकाळ्याच्या काठावर उभं राहून पन्नास मीटरवरच्या माणसाच्या शर्टाकडे बघा, बटण आहे का नाही तेही कळणार नाही. त्या बटणावर साठातले जवळजवळ सगळे फटके. तेही दुर्बिणीशिवाय, ऑलिम्पिक रायफलला भिंगाची दुर्बीण चालत नाही, मागे बारीक भोकाची पीप साइट आणि पुढे एक कडं, एवढंच. असल्या गावात लाख-दीड लाखाची दुर्बीण लावून बाण बोटभर वर जातो म्हणून कुणी रडायला लागला तर त्याला आधी चहा पाजावा आणि मग चार प्रश्न विचारावेत.

'शिस्त' हा आपला रोजचा शब्द. शाळेतली शिस्त, रांगेतली शिस्त. जुन्या मराठीत शिस्त म्हणजे नेम. फारसीतून आलेला शब्द. बंदुकीची शिस्त धरायची, शिस्त लावायची, आणि नळीच्या टोकावरची जी बारीक खूण त्या नेमात धरायची ती 'माशी'. नेम धरणं आणि नीट वागणं यांना एकच शब्द कसा पुरला असेल, हे रेंजवर अर्धा तास बसलं की समजतं.

आता मूळ यंत्राकडे. क्रॉसबो म्हणजे आडवं धनुष्य दस्त्यावर बसवलेलं. दोरी ओढून अडकवायची, आखूड बाण खाचेत ठेवायचा, घोडा दाबायचा. हल्लीच्या क्रॉसबोचा बाण सेकंदाला साडेतीनशे फूट सहज जातो, म्हणजे साधारण १०७ मीटर. ऐकायला हा वेग फार वाटतो, पण रायफलच्या गोळीपुढे ही बैलगाडी. बाण सुटल्या क्षणापासून खाली पडायला लागतो. हवेचा रोध बाजूला ठेवून हिशेब केला तर वीस वारांवर पोचेपर्यंत तो साधारण साडेचौदा सेंटीमीटर खाली आलेला असतो, आणि चाळीस वारांवर अठ्ठावन्न. अंतर दुप्पट, पडणं चौपट. साठ वारांवर तो माणसाच्या छातीएवढा खाली गेलेला असतो, एक मीटर तीस.

म्हणून पूर्वीच्या दुर्बिणींत एकाखाली एक अशा रेघा असत: ही वीसची, ही तीसची, ही चाळीसची. डिजिटल दुर्बिणीनं हे गणित स्वतःकडे घेतलं. अंतर सांगा, किंवा बटण दाबून लेझरनं मोजू द्या. ती बाणाचा वेग आणि उतार बघून पडद्यावर एकच ठिपका पेटवते. गार्मिनसारख्या, गाडीत नकाशा दाखवणाऱ्या कंपन्याही या धंद्यात उतरल्या आणि त्यांनी अशा यंत्रांच्या मालिकेचं नाव ठेवलं 'झीरो'. नाव चांगलं आहे, कारण सगळा घोळ तिथंच असतो. शून्य कुठं आहे ते माणसानंच दाखवायचं असतं. ते चुकीचं दाखवलं तर पुढचं बरोबर गणित चुकीच्याच जागी नेऊन सोडतं.

गुजरीतल्या जुन्या सराफांना यासाठी एक शब्द ठाऊक आहे, पासंग. तराजूची दोन पारडी रिकामी असताना सारखी नसतील तर हलक्या बाजूला चिमूटभर वजन टाकून ती आधी सारखी करायची. तो फरक म्हणजे पासंग. पासंग काढल्याशिवाय सोनं तोलणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा जात नसे. या पुस्तिकेतली पहिली तीस पानं पासंग काढण्याबद्दल आहेत. डिजिटल भाग त्यानंतर येतो. हा क्रम मी भांडून लावून घेतला.

भाच्याचा पहिला मसुदा 'सेटिंग'पासून सुरू होत होता. मी म्हटलं, आधी स्क्रू. दुर्बीण दोन रिंगांत बसते आणि रिंगा खालच्या पट्टीवर. मागच्या रिंगेखाली लेथच्या चिपाएवढा कचरा अडकला, समजा चार थाऊ, म्हणजे एक दशांश मिलिमीटर, तर काय होईल? रिंगांमधलं अंतर शंभर मिलिमीटर धरू. हजारात एक असा कल आला. चाळीस मीटरवर तो चार सेंटीमीटर होतो. मागची बाजू उचलली गेली की दुर्बीण खाली बघते; तिला मधोमध आणायला माणूस क्रॉसबोचं तोंड वर करतो, आणि बाण वर जातो. चार थाऊ म्हणजे डोक्याच्या दोन केसांची जाडी. उद्यमनगरातल्या कुठल्याही पोऱ्याला हे सांगावं लागत नाही. जॉब चकमध्ये धरण्याआधी तो जबडे पुसून घेतो. दुर्बीण खोक्यातून काढून तशीच चढवणारे मात्र पदवीधर असतात.

या कचऱ्याच्या चुकीची एक ओळख आहे. ती सरळ रेषेत वाढते. वीसवर दोन सेंटीमीटर, चाळीसवर चार, साठवर सहा. भाच्याचं तसं नव्हतं. त्याचं वीसवर बरोबर होतं, चाळीसवर तीन सेंटीमीटर वर, साठवर नऊ. म्हणजे चूक अंतरापेक्षा झपाट्यानं वाढत होती. अशी वाढणारी चूक दिसली की स्क्रूचा नाद सोडावा आणि यंत्राला काय काय सांगितलंय ते बघावं. वार-मीटरचा घोळ हे त्यातलं एक कारण. दुसरं कारण वेग. दुर्बिणीला सांगितलं साडेतीनशे फूट आणि बाण जातोय तीनशे ऐंशीनं, तर वीसवर शून्य लावलेलं असताना चाळीसवर बाण सुमारे चार सेंटीमीटर वर लागेल, साठवर तेरा. लक्षण जवळजवळ तेच, रोग वेगळा. कागद बघून दोन्हींतला फरक सांगता येत नाही, विचारावंच लागतं. त्या रात्री मी विचारलं आणि पहिल्याच प्रश्नात सापडलं, हे नशीब. नाहीतर दोन वाजले असते.

वेग का चुकतो? बहुतेक वेळा बाणाच्या वजनामुळे. तिकडे बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि आपल्या लोकांना ग्रेन म्हटलं की धान्य आठवतं. गुजरीच्या भाषेत सांगतो: एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, एक मासा म्हणजे १५. चारशे ग्रेनचा बाण सव्वादोन तोळ्यांना जरा कमी. त्याचं १२५ ग्रेनचं टोक काढून १०० ग्रेनचं बसवलं तर बाण पावणेदोन माशांनी हलका झाला. दोरीची ताकद तीच, ओझं कमी, तो जास्त वेगानं सुटणार. ऊर्जा तेवढीच राहिली असं धरलं तर चाळीस वारांवर साडेतीन सेंटीमीटरचा फरक पडतो. पावणेदोन मासे! लग्नातल्या अंगठीत एवढं सोनं कमी निघालं तर दोन घरांत बोलचाल बंद होते. बाणाचं टोक मात्र लोक सहज बदलतात आणि दुर्बिणीला शिव्या देतात.

पुस्तिकेतलं मला सगळ्यात आवडलेलं प्रकरण लेझरचं आहे. लेझरचा किरण जाऊन परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांशात साधारण एक फूट जातो, तेव्हा हे मोजणारं घड्याळ केवढं नाजूक असेल बघा. पण किरण कुणावर आपटला हे त्या घड्याळाला कळत नाही. लक्ष्याचा ठोकळा लहान, हात थरथरला, किरण ठोकळ्याच्या कडेवरून गेला आणि मागे दहा मीटरवर असलेल्या भिंतीवरून परत आला. चाळीस मीटरवर उभं लक्ष्य दुर्बिणीनं पन्नासवर धरलं. बाण सोळा-सतरा सेंटीमीटर वर. एवढा वर गेला की माणूस हादरतो, पुन्हा मोजतो, या वेळी किरण ठोकळ्यावर पडतो, बाण मधोमध लागतो, आणि माणूस आणखी हादरतो. "कधी बरोबर, कधी वर" अशी तक्रार असेल तर लक्ष्यामागे काय आहे ते आधी बघा. उलटंही होतं. पुढे गवताची काडी किंवा उसाचं पान लोंबत असलं तर किरण तिथूनच परततो आणि बाण खाली जातो. पण ती तक्रार कमी येते, कारण खाली गेलेला बाण मातीत घुसतो आणि माणूस दोष स्वतःला देतो. वर गेलेल्याचा दोष मात्र यंत्राला.

उताराचं एक कोडं आहे. पन्हाळ्याच्या तटावरून खाली नेम धरला तर बाण कुठं जाईल? दहांतले नऊजण म्हणतात, खाली उतरतोय म्हणजे खाली. आणि पायथ्यावरून वर धरला तर? वर. प्रत्यक्षात दोन्ही वेळा बाण वरच लागतो. गुरुत्वाकर्षण तिरक्या अंतरावर काम करत नाही, आडव्या अंतराचाच हिशेब धरावा लागतो. तीस अंशांच्या उतारावर चाळीस मीटर मोजले तर खरा हिशेब साडेचौतीस मीटरचा. चाळीसचा धरला तर बाण नऊ सेंटीमीटर वर. चांगल्या डिजिटल दुर्बिणीत उतार मोजणारा भाग असतो, पण तोही एकदा सपाट जागी ठेवून शून्याला लावावा लागतो. गवंड्याची पाणसळ दस्त्यावर ठेवून बघा. माझ्याकडे एकानं आणलेली दुर्बीण टेबलावर ठेवलेली असताना चार अंश उतार दाखवत होती. टेबल माझं होतं आणि ते मी स्वतः लेव्हल केलेलं आहे.

आता घुंडी. कुठल्या बाजूला फिरवायची, यावरून मी लोकांना हमरीतुमरीवर आलेलं पाहिलंय, आणि दोघंही बरोबर होते. धनुष्याच्या पुढच्या पिनचा नियम असा: बाण वर गेला तर पिनही वर न्यायची. पिन वर गेली की ती लक्ष्यावर आणायला धनुष्याचा हात खाली येतो. बर्लिनमध्ये २०२३ साली सतराव्या वर्षी जगज्जेती झालेली साताऱ्याची अदिती स्वामी ज्या कंपाउंड धनुष्यानं मारते, त्याच्या साइटलाही हाच नियम. रायफलच्या मागच्या पीपला उलटा: फटका वर गेला तर पीप खाली. दुर्बिणीवर 'अप' लिहून बाण काढलेला असतो, त्याचा अर्थ फटका त्या दिशेला सरकेल. आणि जर्मन बनावटीच्या पीप साइटवर 'एच' अक्षर असतं, हॉख म्हणजे उंच. तिथं अर्थ होतो, तुझा फटका उंच गेला असेल तर इकडे फिरव. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ. दुधाळीच्या रेंजवर एका पोरानं जुनी जर्मन साइट घेतली आणि दोन संध्याकाळी तो दर फटक्याला फटका वर-वर नेत होता. शेवटी मी त्याला म्हटलं, अक्षर झाकून टाक, दोन क्लिक फिरव आणि कागद बघ. कागदाला जर्मन येत नाही.

क्लिकचा हिशेब दुसरा. ओळखीच्या एकानं एअर रायफलवर साधी दुर्बीण चढवली. घुंडीवर लिहिलेलं, एक क्लिक पाव इंच. फटका दोन इंच वर जात होता, म्हणून त्यानं आठ क्लिक खाली फिरवले. फटका जवळपास होता तिथंच. पुन्हा आठ. पुन्हा तेच. मग "आतला स्क्रू तुटलाय" म्हणून माझ्याकडे आला. घुंडीवर पाव इंचाच्या खाली बारीक अक्षरात शंभर वार लिहिलं होतं, ते त्यानं वाचलंच नव्हतं. तो वीस वारांवरून मारत होता. तिथं एका क्लिकला सव्वा मिलिमीटरच्या थोडं वर, म्हणजे पाच सेंटीमीटर खाली यायला चाळीसेक क्लिक. आठ क्लिकनं फटका एक सेंटीमीटर सरकला होता, पण त्याचे पाच फटके मिळूनच सहा सेंटीमीटरच्या वर्तुळात पसरत होते, मग एक सेंटीमीटर दिसणार कुठं! जुन्या दुर्बिणींत बॅकलॅशही असतो. लेथवाले हे जाणतात: उलट फिरवताना चार क्लिक जास्त जाऊन मग परत यायचं.

एका बाणावर घुंडी फिरवू नये, हे पुस्तिकेत सहा ठिकाणी लिहिलं आहे. मी सात केली असती. तीन बाण मारा, त्यांच्या मधला बिंदू काढा, मग घुंडी. प्रत्येक बाणामागे घुंडी फिरवणारा माणूस आपल्याच हाताच्या थरथरीचा पाठलाग करत असतो. टणक लाकडावर दस्ता टेकवला तर क्रॉसबो उसळतो आणि बाण वर जातो. वाळूच्या पिशवीवर टेकवला तर तो खाली येतो. गाल दस्त्यावर एकदा वर, एकदा खाली ठेवला तरी फरक. हे सगळं तीन बाणांत दिसतं, एका बाणात दिसत नाही.

लेखकाशी माझे दोन मतभेद आहेत आणि ते इथं नोंदवतो, म्हणजे पुढच्या दिवाळीत वाद नको. शेवटच्या प्रकरणात त्यानं फोनमधल्या ॲपची स्तुती केली आहे. ॲप उत्तर देतं, पण काल आपण काय केलं ते विसरायला लावतं. हवामान, बाणाचं वजन, अंतर, कागदावरच्या फटक्यांची जागा हे हातानं लिहिलेलं माणूस विसरत नाही. दुसरा मतभेद 'डिजिटल दुर्बिणीमुळे नवशिक्यालाही सोपं' या वाक्याबद्दल. नवशिक्यानं वर्षभर उघड्या साइटवर मारावं आणि मग हे विकत घ्यावं, असं माझं मत. जागतिक तिरंदाजीच्या स्पर्धांत धनुष्यावर विजेचं कुठलंच साधन चालत नाही. ज्याला पुढे स्पर्धेत जायचंय त्यानं हा दिवा आधीच लावून घेऊ नये.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण भाचा अमेरिकेत आहे आणि ही पुस्तिका कोल्हापुरात वाचली जाणार. तिकडे क्रॉसबो बहुतेक लोक हरणाच्या मोसमासाठी घेतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. छत्रपतींच्या राखीव शिकारीचं दाजीपूरचं रान १९५८ सालीच अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. तिथल्या गव्याला दुर्बिणीतून बघायचं असेल तर साधी दुर्बीण घेऊन जा. या पुस्तिकेतलं सगळं काही फोमच्या ठोकळ्यासाठी, मागे मातीचा बांध असलेल्या, कुणी येत-जात नाही अशा जागेसाठी आहे. दोरी चढवलेली असताना अंगठा खाचेच्या वर येता कामा नये, आणि बाण न ठेवता घोडा दाबायचा नाही. ही दोन वाक्यं पुस्तिकेत लाल शाईत छापून घेतली आहेत, छपाईचा खर्च वाढला तरी.

त्या रात्री पुढं काय झालं ते राहिलं. भाच्यानं दुर्बीण वारावर केली आणि पुन्हा तीन बाण मारले. चाळीसवर दोन मधोमध, एक डावीकडे. डावीकडचा वाऱ्यानं गेला असं तो म्हणाला. मला त्याच्या मागं झाडाचं एक पानही हलताना दिसलं नाही, पण रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि फोन ठेवायला मला निमित्त हवं होतं.

पुस्तिकेच्या शेवटी बारा कोरी पानं मुद्दाम सोडली आहेत, रेघा मारून. पहिल्या रकान्यात अंतर लिहा आणि शेजारी वार की मीटर तेही लिहा. पेन्सिलीनं लिहा, पावसात शाई पसरते.

कोल्हापूर, खंडेनवमी